छत्तीसचा आकडा आणि आर्ब्रोथचं मैदान

फुटबॉलच्या प्रश्नमंजूषेत आर्ब्रोथच्या क्लबचं नाव हमखास येतं, ते १८८५मध्ये ३६-०ने जिंकलेल्या एकाच सामन्यामुळे. आपल्याकडे छत्तीसचा आकडा म्हणजे हाडवैर. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या गावात मात्र तोच आकडा एकशेचाळीस वर्षं अभिमानाने मिरवला जातो. तरीही मला वाटतं, त्या एका दुपारने या क्लबची बाकीची सगळी कहाणी झाकोळून टाकली आहे, आणि खरी सांगण्यासारखी आहे ती ही बाकीची.

आर्ब्रोथ डंडीच्या ईशान्येला, अँगस परगण्यात आहे. वस्ती जेमतेम २४ हजार. १३२० सालचा स्कॉटिश स्वातंत्र्याचा जाहीरनामा या गावाच्या नावाने ओळखला जातो. गावाची दुसरी ओळख पोटाशी निगडित: ‘आर्ब्रोथ स्मोकी’. हॅडॉक मासे मीठ लावून शेपटीला शेपटी बांधतात, जोडीजोडीने काठीवर टांगतात आणि ओल्या गोणपाटाखाली लाकडाच्या धुरावर शिजवतात. क्लबचं टोपणनावही याच बंदरातून आलं. रात्री परतणाऱ्या मच्छीमार होड्यांना वाट दाखवायला बंदरावर तांबडा दिवा असायचा. दिव्याला स्कॉट्स बोलीत ‘लिख्ट’ म्हणतात, म्हणून गावकरी झाले ‘रेड लिख्टीज’ आणि गडद तांबड्या जर्सीतला त्यांचा संघही.

क्लबची स्थापना १८७८ची. १८८०पासून तो गेफिल्ड इथे खेळतो आहे. सुरुवातीचं मैदान इतकं चिंचोळं होतं की १८८४-८५च्या स्कॉटिश कपमध्ये इथे ४-३ने हरलेल्या ग्लासगोच्या रेंजर्सनी चक्क मोजपट्टी आणून रुंदी मोजली. ती नियमापेक्षा काही इंच कमी भरली. ‘परसदारी हरलो’ अशा अर्थाची तार त्यांनी घरी धाडली, तक्रार केली, सामना पुन्हा खेळवला गेला आणि रेंजर्स ८-१ने जिंकले. जिंकलेला सामना इंचांच्या हिशेबात हातचा गेला. त्यानंतरच्याच मोसमात ती ३६ गोलांची दुपार उजाडली, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

प्रतिस्पर्धी होता अॅबर्डीनचा बॉन अकॉर्ड. स्कॉटिश कपचं आमंत्रण दुसऱ्याच क्लबसाठी होतं, ते चुकून एका क्रिकेट क्लबकडे गेलं आणि तेच खेळायला आले, अशी कथा सांगतात. ती गोड असली तरी तिला दंतकथाच म्हणायला हवं. पाऊस पडत होता. मध्यंतरालाच १५-० झाले होते. अठरा वर्षांच्या जॉकी पेट्रीने एकट्याने १३ गोल केले. आर्ब्रोथचा गोलरक्षक मिल्न याच्याकडे चेंडू फिरकलाच नाही. तो म्हणे एका प्रेक्षकाच्या छत्रीखाली उभा राहिला. तेव्हा गोलांना जाळी नसायची, ती आली काही वर्षांनी. म्हणजे प्रत्येक गोलानंतर चेंडू लांबवर जाऊन आणायचा आणि परत मध्यरेषेवर ठेवायचा. त्या धावाधावीत गेलेला वेळ धरला तर हा आकडा आणखी थक्क करतो. पंच डेव्हिड स्टॉर्मंट यांनी पुढे सांगितलं की त्यांनी सात गोल नाकारले होते.

योगायोग पाहा, त्याच दिवशी डंडी हार्पने अॅबर्डीन रोव्हर्सला ३५-०ने हरवलं. एका दिवसात दोन विक्रम, आणि एका गोलाने आर्ब्रोथ पुढे. २००२मध्ये मादागास्करमध्ये १४९-० असा निकाल लागला, पण तिथे हरणाऱ्या संघाने निषेध म्हणून स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारले होते. ब्रिटनच्या वरिष्ठ फुटबॉलमधल्या झुंजून लागलेल्या निकालांत आर्ब्रोथचा आकडा अजून वर आहे.

१९२१मध्ये क्लब स्कॉटिश लीगच्या दुसऱ्या विभागात आला. १९२५मध्ये मैदान थोडं बाजूला सरकवून नव्याने बांधलं गेलं, आणि आजचं गेफिल्ड तेच. एका बाजूच्या भिंतीपलीकडे थेट उत्तर समुद्र. भरतीच्या वेळी वादळ असलं की लाटांचे शिंतोडे भिंतीवरून प्रेक्षकांच्या अंगावर येतात. गोलरक्षकाने उंच मारलेला चेंडू वाऱ्याने हवेतच थबकतो आणि कधी कधी मागे वळतो. पाहुण्या संघांना तांबड्या जर्सीइतकाच हा वारा नडतो. तरी २३ फेब्रुवारी १९५२ रोजी रेंजर्सविरुद्धच्या कप सामन्याला इथे १३,५१० माणसं जमली होती. तो विक्रम आजही उभा आहे.

वरच्या विभागात क्लब मधूनमधून गेला, टिकला कमी. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं अल्बर्ट हेंडरसन प्रशिक्षक होते. त्यांच्याच काळात आर्ब्रोथ दोनदा वर चढलं. त्यानंतरची कित्येक वर्षं खालच्या विभागांतच गेली.

२०१६मध्ये डिक कॅम्पबेल आले. सोबत मदतनीस म्हणून जुळा भाऊ इयन. २०१७मध्ये चौथ्या स्तराचं, २०१९मध्ये तिसऱ्या स्तराचं विजेतेपद मिळालं. खेळाडू अर्धवेळ, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव. गावाचा लाडका विंगर बॉबी लिन कचरागाडीवर काम करायचा. हाच संघ २०२१-२२मध्ये दुसऱ्या स्तरावर पूर्णवेळ व्यावसायिक क्लबांना मागे टाकत मोसमाचा बराच काळ अव्वल राहिला. २२ एप्रिल २०२२ रोजी किल्मार्नॉकमध्ये तिथल्याच क्लबशी विजेतेपदाचा निर्णायक सामना झाला. आर्ब्रोथने आघाडी घेतली होती, पण शेवटच्या मिनिटांत ते १-२ने हरले. पुढे वर चढण्याची उरलेली संधी असलेल्या प्ले-ऑफमध्ये इन्व्हर्नेसविरुद्ध दोन्ही सामने गोलशून्य राहिले. परतीच्या सामन्यात तर इन्व्हर्नेसचे नऊच खेळाडू उरले होते, तरी पेनल्टींवर आर्ब्रोथ बाहेर पडलं. माझ्या लेखी क्लबच्या इतिहासातला सर्वात मोठा मोसम हाच, ३६-०चा नव्हे. बॉन अकॉर्डला कुणीही हरवलं असतं.

उतारही लगेच आला. २०२३च्या नोव्हेंबरात कॅम्पबेल यांची कारकीर्द संपली आणि त्या मोसमाअखेरीस संघ तळाला राहून खाली घसरला. स्कॉटलंडमध्ये ही घसरण आता जिवावरची असते. २०१४पासून चौथ्या स्तराच्या तळाच्या संघालाही टिकून राहण्यासाठी खालच्या लीगच्या विजेत्याशी भिडावं लागतं. शेजारचा ब्रीकिन सिटी असाच २०२१मध्ये ४२ क्लबांच्या लीगमधून बाहेर फेकला गेला. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी तो दुसऱ्या स्तरावर होता. आर्ब्रोथचे लोक ही वाट ओळखून आहेत, कारण ब्रीकिन त्यांच्याच परगण्यातलं गाव.

२०२४मध्ये क्लबने धुरा डेव्हिड गोल्ड आणि कॉलिन हॅमिल्टन या आपल्याच दोन खेळाडूंच्या हाती सोपवली. पुढच्याच वर्षी, २०२५मध्ये, त्यांनी तिसऱ्या स्तराचं विजेतेपद जिंकलं आणि समुद्राकाठच्या त्या भिंतीशेजारी दुसऱ्या स्तराचं फुटबॉल परत आणलं.