चढावर कॅम्पर व्हॅन का तापते, त्यामागची जुनी गोष्ट

घाटात कॅम्पर तापली की सगळे आधी रेडिएटरवर खापर फोडतात, पण हे दुखणं शंभर वर्षांहून जुनं आहे. इंजिन सगळा जोर लावतंय आणि गाडी मात्र रांगतेय, म्हणजे उष्णता सर्वात जास्त आणि समोरून हवा सर्वात कमी, मूळ गोची एवढीच.

1901 च्या मर्सिडीजमध्ये इंजिनिअर मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर लावला, कमी पाण्यात काम भागलं. फोर्ड मॉडेल टी तर बहुतेक पाण्याच्या पंपाशिवायच, गरम पाणी आपणहून वर जातं आणि गार खाली येतं ह्या भरवशावर. मग 1950 मध्ये फोक्सवॅगनची टाइप 2 आली, पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात झोपायची सोय केली, आणि तिच्यात उकळायला पाणीच नव्हतं! मागे हवेने गार होणारं (एअर-कूल्ड) इंजिन, 25 हॉर्सपॉवर, आणि बेल्टवरचा पंखा. पण पंख्याच्याच हवेत ऑइल कूलर बसवलेला, त्यामुळे त्याच्यामागचा तीन नंबरचा सिलिंडर कायम जास्त तापायचा, हे 1971 च्या मॉडेलपर्यंत चाललं, तेव्हा कुठे कूलर बाजूला सरकवला. पंखा इंजिनवर फिरतो आणि खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं, म्हणून चढावर लवकर खालचा गिअर टाका हा सल्ला तेव्हापासूनचा, आणि तो आजही बरोबरच आहे, कारण पाण्याचा पंपही बहुतेक गाड्यांत इंजिनवरच फिरतो.

1982 ला टी3 मध्ये, म्हणजे ह्याच व्हॅनच्या तिसऱ्या पिढीत, पेट्रोल इंजिनलाही पाणी आलं, पण इंजिन मागेच राहिलं आणि रेडिएटर गेला पुढे, मध्ये गाडीभर लांब पाइप, 15 लिटरहून जास्त कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी), आणि भरताना हवा अडकली की मग बसा. माझ्या मते ही गाडी बदनाम झाली त्यात डिझाइनपेक्षा नीट न काढलेल्या हवेचा हात जास्त.

उंचीचा भाग लोक विसरतातच. 3000 मीटरवर उघड्या भांड्यातलं पाणी 90 अंशालाच उकळतं, पण कूलंटवर 1 बारचा दाब धरणारं झाकण धड असेल तर तेच 115 पर्यंत तग धरतं, म्हणजे झाकणाचं रबर गेलं तर नवा रेडिएटर टाकूनही उपयोग शून्य.

1990 च्या टी4 पासून इंजिन पुढे आलं, पाइपांची भानगड संपली. पण आता रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर उभा असतो, तो स्वतः गरम हवा मागे फेकतो, आणि शिवाय पलंग, ओटा, पाण्याच्या टाक्यांचं वजन. म्हणून तापमानाचा काटा चढायला लागला की एसी बंद आणि हीटर फुल, म्हणजे इंजिनची उष्णता आत खेचली जाते, बाहेर कितीही ऊन असलं तरी, घाम पुसत.