श्रोणितल व्यायाम (पुरुषांचे)

पुढचे जघनास्थी आणि मागचे माकडहाड यांच्यामध्ये स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. तिला श्रोणितल म्हणतात. मूत्राशय, मलाशय आणि पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी यांचा भार ही झोळी पेलते. तिचे स्नायू इच्छेनुसार आवळता आणि सैल सोडता येतात, त्यामुळे दंडाच्या स्नायूंप्रमाणे त्यांनाही व्यायाम देता येतो. ‘केगेल व्यायाम’ हे प्रचलित नाव आर्नल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञावरून पडले. बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी निसटणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी १९४८ साली ही पद्धत मांडली. त्यामुळे तिच्यावर ‘बायकांचा व्यायाम’ असा शिक्का बसला आणि तो अजून पुरता पुसलेला नाही.

पुरुषाच्या शरीरात या भागातले दोन स्नायू लैंगिक क्रियेशी थेट बांधलेले आहेत. लिंगाचा मूळ भाग बाहेर दिसत नाही. तो आत दोन पायांसारखा फाकून हाडांना चिकटलेला असतो. त्या प्रत्येक पायावर इस्किओकॅव्हर्नोसस हा स्नायू गुंडाळलेला असतो. लिंगात रक्त भरल्यावर हा स्नायू आवळला की आतला दाब शरीरातल्या वरच्या रक्तदाबापेक्षाही चढतो आणि लिंगाला खरा कडकपणा येतो. दुसरा स्नायू बल्बोस्पॉन्जिओसस. तो मूत्रमार्गाच्या फुगीर मुळाभोवती असतो. वीर्यस्खलनाच्या वेळी सुमारे ०.८ सेकंदाच्या तालात आवळून वीर्य बाहेर फेकण्याचे काम त्याचे. लघवीचे शेवटचे थेंबही तोच पिळून काढतो. चेन लावून झाल्यावर पँटवर ठिपका उमटतो, ती तक्रार बहुधा याच स्नायूच्या ढिलाईची असते. पन्नाशीनंतर ती सर्रास आढळते, पण कुणी कुणाला सांगत नाही.

व्यायामातली अवघड गोष्ट म्हणजे नेमका स्नायू सापडणे. भरल्या सभेत वारा सरू नये म्हणून जे आवळले जाते, ते श्रोणितल. पण तेवढ्याने मागचाच भाग जास्त काम करतो. पुढच्या भागासाठी ‘लिंग आत ओढा’ किंवा ‘अंडकोश वर उचला’ ही सूचना अधिक उपयोगी पडते. नदीच्या गार पाण्यात कमरेपर्यंत उतरताना आपोआप होते तसे. आरशासमोर उघड्याने उभे राहून केले तर लिंगाचे मूळ किंचित आत जाताना आणि अंडकोश वर सरकताना दिसतात. तसे दिसले की स्नायू बरोबर सापडला. कुल्ले आवळणे, मांड्या दाबणे, पोट आत ओढून श्वास कोंडणे या नेहमीच्या चुका. लघवीची धार मधेच थांबवून स्नायू ओळखण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. एखाद्या वेळी पडताळा म्हणून ते चालेल. रोजचा व्यायाम म्हणून मात्र करू नये, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात अडथळा येतो.

ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट ग्रेस डोरी यांची पद्धत आटोपशीर आहे. उताणे पडून गुडघे वाकवून तीन वेळा, बसून तीन वेळा आणि उभ्याने तीन वेळा, शक्य तितक्या जोराने आवळून धरायचे, असे सकाळ-संध्याकाळ. एकेक आवळणे हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यायचे. शिवाय चालताना हलकेच उचलून धरायचे आणि लघवी झाल्यावर एकदा जोरात आवळायचे. डोरी आणि सहकाऱ्यांनी ताठरतेची तक्रार असलेल्या ५५ पुरुषांवर केलेली चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी ४० टक्के पुरुषांची ताठरता पूर्ववत झाली, ३५.५ टक्क्यांची सुधारली, उरलेल्या २४.५ टक्क्यांना गुण आला नाही. चाचणी लहान आहे, पण नुसत्या जीवनशैलीच्या सल्ल्याशी तुलना करून केलेली आहे, म्हणून तिला वजन आहे. शीघ्रपतनावर रोममध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० पैकी ३३ पुरुषांना बारा आठवड्यांत स्खलनावर ताबा मिळाला. तिथे तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, त्यामुळे हा आकडा जरा हात राखूनच वाचावा. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीवरच्या ताब्यासाठीही हे व्यायाम सांगतात. त्यांचा लाभ किती, यावर अभ्यासांचे एकमत नाही. लिंगाची लांबी वाढते हा दावा तर सरळ खोटा.

हठयोगातला मूलबंध याच स्नायूंचा आहे. टाचेने अंडकोश व गुदद्वार यांच्यामधली जागा दाबून गुद आवळायचे आणि अपान, म्हणजे शरीरात खाली वाहणारा वायू, वर ओढायचा, असे त्याचे वर्णन ‘हठयोगप्रदीपिके’त येते. अश्विनी मुद्रेत गुद पुन्हा पुन्हा आवळून सोडतात. घोडीच्या हालचालीवरून ते नाव पडले. म्हणून केगेल ‘आमचेच’ म्हणण्याचा मोह होतो. हेतू मात्र अगदी वेगळा होता. योग्याला हवे होते प्राण-अपानाचे ऐक्य; शय्यासुखाची चिंता त्याला नव्हती.

सर्वांनीच आवळत राहावे असेही नाही. काही पुरुषांचे श्रोणितल मुळातच घट्ट असते. बसल्यावर गुदद्वाराच्या पुढे ठणका, लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, स्खलनानंतर दुखणे ही त्याची लक्षणे. अशांनी आवळण्याचे व्यायाम केले तर दुखणे वाढते. त्यांना सैल सोडायला शिकवावे लागते, आणि ते आवळण्यापेक्षा कठीण जाते. पोटात खोल श्वास घेताना झोळी खाली उतरू देणे, उकिडवे बसणे येथून सुरुवात करतात. ताठरता नव्याने कमी झाली असेल तर व्यायामाआधी रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावे. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात. त्या आधी चोंदतात आणि छातीत दुखू लागण्याच्या काही वर्षे आधीच तक्रार दिसू शकते. स्नायू ढिला की घट्ट हे या विषयातले फिजिओथेरपिस्ट गुदद्वारातून हातमोजा घातलेल्या बोटाने किंवा पोटावरच्या सोनोग्राफीने ठरवतात. तपासणीला काही मिनिटे पुरतात. संकोच मोडायला बहुतेकांना त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो.