शेंगेन व्हिसा: विमान कुठे उतरते, हा प्रश्नच नाही

थायलंडच्या जोडीदाराला युरोपात सुट्टीसाठी नेताना, विमान प्रथम ज्या देशात उतरते त्याच देशाकडे व्हिसा मागावा लागतो, हा समज वर्षानुवर्षे टिकून असला तरी चुकीचा आहे. शेंगेन, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांचा गट; त्याच्या २००९ च्या व्हिसा संहितेनुसार अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे करायचा असतो; म्हणजे फ्रँकफर्टला उतरून जर्मनीत २ आणि इटलीत ७ दिवस राहणाऱ्या पर्यटकाने बँकॉकमधून इटलीकडेच अर्ज करावा. प्रथम प्रवेशाचा निकष, मुख्य मुक्काम ठरवताच येत नसेल तेव्हाच लागू होतो. ‘सोपा’ म्हणवला जाणारा देश गाठण्यासाठी खोटी हॉटेल-आरक्षणे दाखवणे तर निव्वळ आत्मघातकी. थायलंडमध्ये राहणाऱ्या युरोपीय संघाच्या नागरिकाच्या थाई पत्नीला, पतीच्या मायदेशाखेरीज संघाच्या अन्य सदस्य देशात त्याच्यासोबत जाताना व्हिसा निःशुल्क मिळतो, पण तो घ्यावा लागतोच.