चियोदा नो ओओकू (काष्ठठसा चित्रमाला)

शोगुनच्या म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या अंतःपुरातील दिनक्रम दाखवणारी जपानी काष्ठठसा चित्रमाला. चित्रकार तोयोहारा चिकानोबू (१८३८–१९१२). १८९४ ते १८९६ या काळात ती तोक्योत प्रसिद्ध झाली. चियोदा हे एदो (म्हणजे जुन्या तोक्यो) येथील शोगुनच्या किल्ल्याचे दुसरे नाव, तर ओओकू म्हणजे तिथला जनानखाना. शोगुनची पत्नी, उपपत्नी आणि शेकडो सेविका तिथे राहत. शोगुनखेरीज पुरुषांना तिथे सहसा मज्जाव असे.

ही चित्रे आधी निघणे शक्यच नव्हते. तोकुगावा या शोगुन घराण्याच्या राजवटीत सत्ताधारी घराण्याचे चित्रण निषिद्ध होते. सोळाव्या शतकातील सत्ताधीश हिदेयोशी आणि त्याच्या स्त्रिया चितारल्याबद्दल १८०४ मध्ये उतामारोसारख्या नामवंत चित्रकारालाही शिक्षा झाली. त्यामुळे दरबार दाखवायचा तर आडवाटेने. १८२९ पासून निघू लागलेल्या तानेहिकोच्या ‘निसे मुरासाकी इनाका गेन्जी’ या सचित्र कादंबरीत राजपुत्र गेन्जीच्या जुन्या अभिजात जपानी कथेला मुरोमाची या तोकुगावांच्या आधीच्या काळाचा पेहराव चढवला होता. कुनिसादाने काढलेला तिचा नायक कोळंबीच्या शेपटीसारख्या दुभंगलेल्या शेंडीवरून चटकन ओळखू येतो. शोगुन इएनारीच्या अंतःपुरावरच हा रोख आहे, अशी वाचकांत कुजबुज होती. १८४२ मध्ये कादंबरी बंद पाडली गेली.

१८६८ मध्ये शोगुनशाही कोसळली आणि ओओकूही संपले. चिकानोबू जन्माने ताकादा संस्थानचा सामुराई. तो त्या वर्षी शोगुनच्या बाजूने एदोतील उएनो येथे लढला आणि पुढे उत्तरेकडील हाकोदाते बंदरापर्यंत गेला. हरलेल्या पक्षाच्या या माणसाने पंचवीसेक वर्षांनी त्याच घराण्याचे अंतरंग उघडपणे रंगवले. मालेत जाणवणारी आत्मीयता तिथून आली असावी.

प्रत्येक चित्र तीन कागद शेजारी मांडून पूर्ण होते. या रुंदीचा चिकानोबू पुरेपूर उपयोग करतो. चेरीचा बहर पाहणे, चंद्रदर्शन, काव्यस्पर्धा, एदोतील कान्दा देवस्थानाच्या उत्सवाची मिरवणूक आतून न्याहाळणे असे प्रसंग तो निवडतो. स्त्रियांच्या नागिनाता म्हणजे लांब दांड्याच्या पात्याच्या शस्त्राच्या सरावाचे चित्र विशेष लक्षवेधी आहे. एरवी किमोनोच्या घोळात हरवणारी शरीरे इथे ताकदीने उभी राहतात.

चित्रकाराच्या रेखाटनावरून कारागीर चेरीच्या लाकडाचे ठसे कोरत. सर्वसाधारणपणे प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागे. ओलसर कागद ठशावर ठेवून पाठीमागून ‘बारेन’ या चकतीने घासत, आणि ठशाच्या कडेला कोरलेल्या खुणांमुळे रंग नेमके जागच्या जागी बसत. शोगुनशाहीनंतरच्या मेइजी काळात आयात रंग वापरात आल्याने तेव्हाच्या अनेक मुद्राचित्रांत भडक लाल-जांभळे रंग दिसतात. त्यांच्या तुलनेत ही माला संयत वाटते.

१८९७ मध्ये चिकानोबूने ‘चियोदा नो ओन-ओमोते’ ही जोडमाला काढली. तिच्यात किल्ल्याच्या पुरुषी, राजकीय बाजूचे समारंभ आणि शिकारीचे प्रसंग आहेत. पोशाख, केशरचना आणि सणांसाठी अभ्यासक दोन्ही मालांकडे वळतात. मात्र ही चित्रे आठवणीतून आणि ऐकीव माहितीतून, गतवैभवाची ओढ लागलेल्या ग्राहकांसाठी तयार झाली, हे ध्यानात ठेवूनच त्यांचा पुरावा म्हणून वापर करावा लागतो.