नापोली हरून तिसऱ्या श्रेणीत गेला नव्हता

मॅराडोनाच्या काळात 1987 आणि 1990 मध्ये इटलीचे विजेतेपद मिळवणारा नापोली हा फुटबॉल क्लब पुढे हरत हरत तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि नव्या मालकाने पैसा ओतताच एका हंगामात वर आला, असे बऱ्याचदा सांगितले जाते. यातले दोन्ही भाग चुकीचे आहेत.

2001 मध्ये सेरी आ मधून, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च श्रेणीतून, झालेली घसरण खेळातील पराभवांमुळेच होती. त्याखालची पायरी मात्र मैदानावर ठरली नाही. 2004 च्या उन्हाळ्यात कर्जबाजारी क्लबचे दिवाळे निघाले. चित्रपट निर्माते आउरेलिओ दे लाउरेंतीस यांनी उभारलेल्या नव्या कंपनीला तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे सेरी सी 1 मध्ये, जागा मिळाली. जुने नावही हातचे गेल्यामुळे संघ ‘नापोली सॉकर’ या काहीशा उपऱ्या वाटणाऱ्या नावाने खेळला.

घाईघाईत जमवलेल्या या संघाने पहिल्याच लीग सामन्यात सान पाओलो या आपल्या मैदानावर चित्तादेल्ला संघाशी 3-3 अशी बरोबरी केली. हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक वेंतुरा यांच्या जागी एदी रेया आले, संघ तिसरा आला आणि बढतीच्या निर्णायक लढतीपर्यंत पोहोचला. पण घरच्या मैदानावर गोलशून्य बरोबरी झाल्यानंतर शेजारच्या आवेल्लिनोने परतीचा सामना 2-1 असा जिंकला. त्यामुळे आणखी एक वर्ष तिथेच काढावे लागले. गटात पहिला येऊन बढती मिळाली ती 2006 मध्ये, आणि जुने नावही त्याच वर्षी परत आले.