टेट्रासायक्लीन आणि मुलांचे दात

टेट्रासायक्लीन गटातील प्रतिजैविके दात घडण्याच्या वयात दिली गेली, तर दातांना पिवळा, करडा किंवा तपकिरी रंग कायमचा येऊ शकतो. हा रंग दाताच्या आत असतो, त्यामुळे कितीही घासले तरी तो जात नाही.

या गटातले पहिले औषध, ऑरिओमायसिन, १९४८ मध्ये अमेरिकेतील लेडर्ले कंपनीतून पुढे आले. तिथल्या संशोधनाची धुरा तेव्हा आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत चिकट कफ साठवणारा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांना छातीच्या संसर्गासाठी ही औषधे महिनोन् महिने द्यावी लागत. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात दातांचा हा दोष प्रथम लक्षात आला तो याच मुलांमध्ये.

टेट्रासायक्लीन कॅल्शियमला धरून बसते. हिरडीच्या आत दात तयार होत असताना ते कॅल्शियमबरोबर त्यात, मुख्यतः डेंटिनमध्ये (दाताच्या वरच्या कवचाखालच्या थरात), अडकते. नवा उगवलेला दात पिवळा दिसतो आणि अतिनील प्रकाशात पिवळा चमकतो. पुढे उजेड लागून तो करडा-तपकिरी होतो, म्हणून ओठांआडून सतत दिसणारे पुढचे दात दाढांपेक्षा जास्त काळवंडतात. औषध ज्या काळात दिले, त्या काळात घडलेल्या भागावर आडवा पट्टा उमटतो. चंद्रपूर-यवतमाळ भागात पाण्यातील फ्लोराइडमुळेही दात डागाळतात, पण ते अतिनील प्रकाशात असे चमकत नाहीत. निदानात हा फरक उपयोगी पडतो.

दुधाचे दात गर्भाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास कठीण होऊ लागतात, तर अक्कलदाढा सोडल्यास कायमच्या दातांचे माथे सुमारे आठव्या वर्षापर्यंत पूर्ण होतात. म्हणून गरोदरपणाच्या उत्तरार्धात आणि आठ वर्षांखालील मुलांना ही औषधे टाळण्याचा नियम पडला. उरलेल्या गोळ्या घरच्या घरी मुलाला देणे तर कटाक्षाने टाळावे. सौम्य डाग दीर्घकाळच्या ब्लीचिंगने फिके होतात. गडद असतील तर व्हिनिअर (दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा) किंवा कॅप बसवतात.

डॉक्सिसायक्लीन याच गटातले, पण ते कॅल्शियमला कमी चिकटते. अमेरिकेत लहानपणी ते थोडे दिवस घेतलेल्या ५८ मुलांचे दात तपासले, तेव्हा एकाही दातावर असा डाग आढळला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये, २१ दिवसांपर्यंतच्या उपचारासाठी वयाची अट काढली. विदर्भात आढळणाऱ्या स्क्रब टायफस या कीटकदंशातून होणाऱ्या तापात हेच औषध जीव वाचवते. दातांच्या धास्तीने डॉक्टरांनी लिहिलेला डोस पालकांनी अडवू नये. उपचाराला उशीर झाला तर हा ताप मेंदू, फुप्फुसे आणि मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो.