इंजिन बांधणीतील सुट्या भागांची निवड (कोकण किनारपट्टी)

झिजलेले किंवा बिघडलेले इंजिन उतरवून, पूर्ण खोलून, मोजून, लेथवरचे काम करून पुन्हा जोडणे, याला गॅरेजच्या भाषेत ‘इंजिन बांधणे’ म्हणतात. जुनी होंडा सिटी व्हीटेक, पोलो जीटी, ऑक्टाव्हिया व्हीआरएस, रॅलीसाठी तयार केलेली जिप्सी अशा जोरकस गाड्यांच्या इंजिनात चुकीचा भाग फार दिवस लपून राहत नाही. त्यातून कोकणात घाट, खारी हवा आणि पाणी या तिघांचा त्रास वेगळाच.

निवडीची सुरुवात दुकानात होत नाही, मायक्रोमीटरपासून होते. जिप्सीच्या १,२९८ घनसेंमी इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७४ मिमी. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा मोजला की किती झीज झाली आणि ०.२५ मिमीचा ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा तेवढा मोठा) पिस्टन पुरेल की ०.५० चा लागेल, हे कळते. पुढचा क्रम मात्र उलटा: पिस्टन आधी आणायचे आणि त्यांच्या प्रत्यक्ष मापाने बोअर मारून घ्यायचा. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबून बोअर मारला की पिस्टन आणि सिलिंडरमधली फट चुकते. मूळ ओतीव पिस्टनला ही फट साधारण ०.०२ ते ०.०४ मिमी असते. पिस्टन रिंगच्या तोंडातील अंतरासाठी साध्या पेट्रोल इंजिनात बोअरच्या ०.००४ पट हा ठोकताळा चालतो, म्हणजे ७४.५ मिमीला सुमारे ०.३० मिमी. टर्बो असेल तर जास्त.

फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेल्या पिस्टनची हौस बहुतेक मालकांना असते. अशा पिस्टनच्या २६१८ या ॲल्युमिनियम मिश्रधातूत सिलिकॉन अगदी कमी. तो चिवट असतो, पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून फट जास्त ठेवावी लागते आणि सकाळी थंड इंजिन खडखडते. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असल्याने फट आवळता येते. रोज सावंतवाडी-आंबोली करणाऱ्या, टर्बोचा दाब न वाढवलेल्या गाडीला चांगल्या कंपनीचा ओतीव पिस्टन पुरतो. वाचलेले पैसे बेअरिंग, ऑइल पंप आणि बोल्ट यांच्यात घालावेत. हे भाग कोणाला दाखवता येत नाहीत, पण इंजिन जाम होऊन बसते ते बहुधा त्यांच्यामुळेच. क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि बेअरिंग यांच्यात तेलाची फट जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे ४५ मिमीला ०.०४५ मिमीच्या आसपास असावी. ती प्लॅस्टिगेजची मेणासारखी तार दाबून तपासता येते. ताणून आवळायचे हेडचे (सिलिंडरांवरच्या झाकणाचे) बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरायचे नसतात. अनेक पत्र्यांची एमएलएस हेड गॅस्केट घ्यायची तर हेड आणि ब्लॉकचा पृष्ठभाग अगदी गुळगुळीत करून मिळणार का, हे लेथवाल्याला आधी विचारावे. नाही म्हणाला तर साधी कंपोझिट गॅस्केट बरी.

मिरकरवाडा, हर्णै, मालवण अशा बंदरांच्या आसपासच्या कारागिरांचा हात बोटींच्या डिझेल इंजिनांवर बसलेला असतो. जूनपासून मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढल्या की त्यांच्याकडे तीच कामे निघतात. कसबात हे लोक कुठेच कमी नाहीत. पण संथ चालणाऱ्या जड डिझेलला खपणारी मापातली ढिलाई मिनिटाला ६,००० फेऱ्या घेणाऱ्या पेट्रोल इंजिनाला खपत नाही. म्हणून बारीक मापाची कामे पुष्कळदा आंबा किंवा गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला जातात. ओतकाम आणि यंत्रकामाच्या या गावात पिस्टन आणि बेअरिंगही बनतात. बाकी माल मुंबईच्या ऑपेरा हाउस भागातून किंवा पुण्याच्या नाना पेठेतून येतो.

डुप्लिकेट माल सर्वांत जास्त सापडतो तो स्पार्क प्लग, ऑइल फिल्टर आणि बेल्टमध्ये. होलोग्रामपेक्षा जुना अस्सल भाग शेजारी ठेवून वजन, छपाई आणि कडांची सफाई ताडणे अधिक भरवशाचे. किनाऱ्यावरच्या दुकानात खरा मालही खराब निघू शकतो: रिंगांचा तेलकट कागद फाटलेला असेल तर आत तांबेरा धरलेला असतो. पावसाळ्यात नुकताच होन केलेला (दगडाने बारीक घासलेला) बिडाचा बोअर तेल न लावता ठेवला तर सकाळी लालसर दिसतो.

किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचे पाणी मचूळ असते. तेच रेडिएटरमध्ये ओतत राहिल्याने ॲल्युमिनियमच्या हेडमधल्या पाण्याच्या वाटा खाल्ल्या जातात आणि ब्लॉकचे पोलादी कोअर प्लग (ओतकामाची भोके बंद करणारी बुचे) गळू लागतात. पितळी प्लग किमतीत थोडेच जास्त. इंजिन उघडे असतानाच ते बसवून घ्यावेत, कारण नंतर त्यांतल्या काहींपर्यंत हात पोचत नाही. कूलंट नेहमी डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावे.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये असंख्य गाड्या बुडाल्या. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडासाच वाकला तर इंजिन चालते, पण तो पिस्टन इतरांपेक्षा किंचित खाली राहतो. म्हणून कटिंगचे, म्हणजे मोडीतल्या गाडीचे इंजिन घेताना हेड काढून चारही पिस्टन वरच्या टोकाला आणून त्यांची उंची ताडून पाहतात. विकणारा हेड उघडू देत नसेल तर इंजिन तिथेच सोडावे. दुसरे इंजिन बसवायचे तर परिवहन कार्यालयात नोंद लागते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील मनमानी बदलांना आडकाठी करते.

बांधलेले इंजिन पहिले काही शे किलोमीटर एकाच वेगाने चालवत नाहीत आणि घाटात वरच्या गिअरमध्ये रेटत नाहीत. त्यानंतर तेल बदलताना जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडतात. चुंबकाला चिकटणारा कीस रिंगांचा, बोअरचा किंवा क्रँकचा. न चिकटता चमकणारा बेअरिंगचा किंवा पिस्टनचा.